गुरुवारची बाराची वेळ

सलग पाचव्या गुरुवारी इंगेबोर्ग आजींची बाराची वेळ वाया गेली, तेव्हा दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या तुरूनचा पारा चढला. अख्ख्या बेटावर डॉक्टर एकच, आणि या बाई वेळ घेऊन फिरकतच नाहीत! न आल्याचा दंड मात्र त्याच दिवशी बिनतक्रार भरून मोकळ्या. तिनं तडक फोन लावला.

“आजी, आज तरी कुठे होतात?”

“घरीच. मोजे विणतेय.”

“बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीये!”

“अहो, मग वेळ कशाला घेता दर आठवड्याला?”

“अगं, मागे ती डॉक्टर पोरगी माझी छाती तपासत होती ना, तर माझ्या छातीपेक्षा तिच्याच पोटातले आवाज मोठे. डबा रोज तसाच परत जातो म्हणाली. रिकामी वेळ दिसली की तीच तुला सांगते ना, घाल कुणालातरी म्हणून? आता पेशंटच आला नाही, तर जेवेल नाहीतर काय करेल बिचारी?”

तुरूननं वाकून आतल्या खोलीत पाहिलं. डॉक्टर सुनिवा पाय स्टुलावर टाकून, डोळे मिटून, चीज लावलेला पाव सावकाश चावत होती.

तुरूननं हळूच दार ओढून घेतलं आणि फोनवर कुजबुजली, “आजी, गुरुवार तुमच्याकडेच राहू दे. मंगळवारी बाराला मी माझं नाव घालते.”