गुढीपुढचं मागणं

मिहीरच्या कतारमधल्या, लुसैलच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून फुटबॉल वर्ल्ड कपचं नवं स्टेडियम थेट समोर दिसायचं, मुद्दाम मांडून ठेवल्यासारखं. पाडव्याच्या दिवशी जेवायला आलेल्या संजीवने दुपारपासून तिकडे पाठ केली होती. हाच मावसभाऊ मिहीर कतारला आला तेव्हा दोह्यात, अल सद्दला, संजीवच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होता. आलेल्या पाहुण्यांना हे सांगायला संजीवची जीभ नुसती वळवळत होती.

संजीव जळत होता. त्याला दुसरा शब्द नाही. मिहीरने अमेरिकेच्या बाजारातला तिपटीचा फंड घेतला होता. बाजार एक टक्का चढला की हा तीन टक्के चढायचा, आणि पडला की तसाच पडायचा. गेलं वर्षभर तो चढला आणि त्यातून हा फ्लॅट आला. शेवटी संजीवने घरात कुणाला न सांगता उलटा फंड घेतला, बाजार पडला की चढणारा. मुलाच्या, अमेयच्या इंजिनिअरिंगसाठी साठवलेलं सगळं त्यात घातलं. अभ्यास वगैरे काही नाही. मिहीर ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध बाजूला आपण, एवढंच. जानेवारीत बाजार गडगडला तेव्हा गड्याने ऑफिसात सगळ्यांना कुनाफा, ती इथली अरबी मिठाई, वाटला होता.

तरी मिहीरचा चेहरा काही उतरेना. तो हसत हसत श्रीखंड वाढत होता.

“दादा, ऐकलंस का? अमेरिकेत नवा नियम येऊ घातलाय. आपल्यासारख्या साध्या माणसाला असले फंड घ्यायचे तर आधी प्रश्नांची उत्तरं द्यायची. याला कळतंय असं पटलं, तरच परवानगी.”

“योग्यच आहे,” संजीव म्हणाला. “कुणीही उठतो आणि उडी मारतो, बुडाला की रडत बसतो. इन्शाल्ला, लवकर येऊ दे तो नियम.”

“असं काय म्हणतोस! लोकांच्या हरकती मागवल्यात त्यांनी. मी कालच पाठवली. वहिनी, तुम्हीही पाठवा हं, नाहीतर तुमचं खातं अडकायचं.”

सुहासिनीच्या हातातली पुरी हातातच राहिली.

“कसलं खातं?” संजीवने बायकोला विचारलं.

मिहीरने जीभ चावली.

“पाटल्या मोडल्या मी,” ती हळूच म्हणाली. “दिवाळीत पुण्याला गेले होते तेव्हा. मिहीरभावजींनी त्यांच्याच फंडात घालून दिले पैसे. तुम्ही येता-जाता त्यांच्या नावाने धुमसत होतात. म्हटलं, आपलंही थोडं वर गेलं तर तुम्हाला शांत झोप लागेल.”

संजीव मिहीरकडे वळला. “आणि तुझं? तुझंही बुडतंय ना?”

“माझं कुठलं! फ्लॅटसाठी नाताळातच सगळं काढून घेतलं. वहिनींनाही म्हटलं होतं, काढा. त्या म्हणाल्या, अजून थोडं चढू दे.”

संजीवला तो कुनाफा आठवला. समोरचं श्रीखंड त्याला जाईना.

ऊन उतरलं तशी मिहीरच्या बायकोने, नीलांबरीने, गुढी उतरवायला सगळ्यांना बाल्कनीत बोलावलं. मान मोठ्या भावाचा, म्हणून संजीवला पुढे केलं. सुहासिनीने हळदकुंकू वाहिलं आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं.

“बाजार चढू दे म्हणा,” ती कुजबुजली. “मनापासून म्हणा.”

संजीवने हात जोडले. एकदा तिच्या रिकाम्या मनगटांकडे पाहिलं, एकदा अमेयकडे. अमेय कठड्याशी उभा राहून स्टेडियमचे फोटो काढत होता.

“चढू दे रे देवा,” शेजारी मिहीर डोळे मिटून मोठ्याने म्हणाला, “आमच्या दादाच्या घरचा पैसा आहे त्यात.”

संजीवने ओठ घट्ट मिटून घेतले. त्याच्या तोंडून “नको” निघणार होतं.