त्रेचाळिसावं मिनिट

"यात लाइट पण आहे, मॅडम," सेल्समन म्हणाला.

"कानात लाइट लावून काय उजेड पाडायचाय?" ताईंनी विचारलं.

ऑफिसात सगळे त्यांना ताईच म्हणत. मीटिंगांची रेकॉर्डिंगं ऐकायची आणि शब्दन्‌शब्द टाइप करायचा, हे काम त्या बारा वर्षं करत होत्या. सकाळी त्यांच्या हेडफोनची वायर खुर्चीच्या चाकाखाली तुटली होती. "आपापलं आणा," म्हणून साहेबांनी हात झटकले होते.

सेल्समनची तोंडपाठ यादी चालूच होती. बोट लावलं की गाणं बदलतं, बाहेरचा आवाज बंद होतो, ॲप आहे, गेम मोड आहे.

"समोरचा माणूस काय बोलतो ते कळतं का?"

हे काही यादीत नव्हतं.

ताईंनी फोनवर एका जुन्या मीटिंगचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात पंख्याच्या घरघरीत कुणीतरी "चला, उरका" असं पुटपुटतं. झगमगीत इअरबड्समधून नुसतंच ढमढम आलं, एकातूनही ते पुटपुटणं कळेना. मग खालच्या कप्प्यातली धूळ खात पडलेली काळी जोडी त्यांनी मागितली. ना लाइट, ना ॲप, किंमत निम्म्याहून कमी. "चला, उरका," पुटपुटणारा जणू खांद्याशी येऊन बसला.

"ही कुणी घेत नाही, मॅडम."

"लोकांना कान असतील तर घेतील ना!"

ऑफिसात समोरच्या टेबलावर गॅजेटराव बसायचा. हे नाव ताईंनीच ठेवलेलं. त्याच्या इअरबड्सची डबी उघडली की निळा दिवा लागायचा आणि एक बाई इंग्रजीत स्वागत करायची. एवढा थाटमाट करून टाइप काय करायचा? "(अस्पष्ट)". एकेका पानावर नऊ-नऊदा. याच्यापेक्षा टेबलाला जास्त ऐकू येतं, असं ताई त्याच्या तोंडावर म्हणायच्या. तो हसायचा. लाज म्हणून नाही मेल्याला!

"छान दिसतायत, ताई. कुठून घेतलेत?" त्याने विचारलं.

"कोपऱ्यावरच्या दुकानातून. खालच्या कप्प्यात बघ. पण तुला कशाला? दिवा नाही लागत यांचा."

तेवढ्यात साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. पुढच्या महिन्यापासून टाइप करायचं काम मशीनच करणार होतं. मशीनच्या चुका काढायला एकच माणूस ठेवायचा होता. साहेबांनी दोघांना एकच रेकॉर्डिंग दिलं. एका कारखान्यातली सामानाची लिफ्ट कोसळून दोन कामगार जायबंदी झाले होते, त्याच्या चौकशी समितीची बैठक. ज्याचं काम चांगलं, तो राहणार.

ताई अठ्ठेचाळिशीच्या होत्या. या वयात त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं? पण त्या निर्धास्त होत्या. समोर गॅजेटराव होता! ही काय स्पर्धा म्हणायची?

साहेबांनी भिंतीवर पाटीच लावली होती, "ऐकू येईल ते सगळं टाइप करा." ताईंनी तेच केलं. खोकला, खुर्च्या, कुजबुज, काही सोडलं नाही. त्रेचाळिसाव्या मिनिटाला चहाची सुट्टी झाली. माणसं बाहेर गेली, रेकॉर्डिंग चालू राहिलं. लांब खिडकीशी दोनच आवाज उरले, समितीचे अध्यक्ष आणि कारखान्याचा मॅनेजर.

पायाखालचं पेडल दाबत ताईंनी रेकॉर्डिंग अकरा वेळा मागे नेलं. मग अध्यक्षांचं बोलणं कळलं. "तपासणीचा कागद फाइलमधून काढून टाका. लिफ्टमनवर जाऊ द्या सगळं."

ताईंनी ते जसंच्या तसं टाइप केलं. त्यावर मॅनेजर काहीतरी म्हणाला, पण नेमका तेव्हाच कप बशीवर आपटला. तीस वेळा ऐकूनही ते वाक्य हाती लागलं नाही. शेवटी जिवावर आल्यासारखं त्यांनी "(अस्पष्ट)" टाइप केलं. वर्षभरातलं पहिलं.

प्रिंटरवर गॅजेटरावची पानं पडली होती. ताईंनी त्रेचाळिसावं मिनिट शोधलं. "(चहापान. संभाषण अस्पष्ट.)" बस्स! त्या मोठ्याने हसल्या. एका माणसाचं आयुष्य त्या मिनिटात अडकलंय आणि हा ठोंब्या चहापान लिहून मोकळा!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ताईंना एकटीलाच बोलावलं.

"ताई, तुमचे कान फार तिखट आहेत."

"मग?"

"तीच तर पंचाईत आहे. समितीचं वर्षभराचं काम आपल्याला मिळतंय. त्यांना असं काही चालत नाही." साहेबांनी ताईंचं ते पान काढलं, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकलं. "शुक्रवारपर्यंत टेबल मोकळं करा."

"आणि ती पाटी?"

"पाटी राहू दे. चांगली दिसते."

"अहो, पण त्या लिफ्टमनचं काय?"

"कोण लिफ्टमन?" साहेबांनी विचारलं.

ताईंना रडू आलं नाही, किळस आली. बारा वर्षं कान झिजवले आणि शेवटी बहिऱ्याची सरशी झाली. शुक्रवारी त्यांनी पेडल गुंडाळलं, डबा आणि चष्म्याचं घर पिशवीत टाकलं.

गॅजेटराव टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मजा आहे बाबा तुझी," ताई म्हणाल्या. "ऐकूच येत नाही म्हटल्यावर झोप छान लागत असेल."

केबिनचं दार बंद आहे का, ते त्याने वळून पाहिलं. मग कानातले इअरबड्स काढून तळहातावर घेतले. काळे, बिनदिव्याचे, खालच्या कप्प्यातले.

"ताई, प्रिंटरवर तुमचं पान पाहिलं होतं मी. तुमचं ते एक अस्पष्ट राहिलं होतं ना, कपाच्या आवाजाखालचं," तो हळूच म्हणाला. "मॅनेजर म्हणतो, 'पण सर, लिफ्टमन त्या दिवशी रजेवर होता.'"