सुपलीतली पोर

रिंतेन तीन वर्षांची होती, तरी केर भरायच्या सुपलीत मावत होती. कार्सीने लेकीला त्या सुपलीत बसवलं, बालवाडीच्या मागच्या उकिरड्यापाशी नेऊन ठेवलं आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"केर टाकलाय, बू," ती म्हणाली.

बू वुर्यानीने खराटा जमिनीवरून उगाच दोनदा फिरवला. "केरात पोर सापडली. कुणाची आहे ही?"

"माझी नाही."

रिवाजाप्रमाणे एवढंच बोलायचं असतं. बूने पोरीला उचललं. उचलायला काही जोर लागलाच नाही.

या भागात आईलाही बू म्हणतात आणि शिकवणाऱ्या बाईलाही. जाकार्ताचा कचरा जिथे येऊन पडतो त्या डोंगराच्या पायथ्याशी वुर्यानी पत्र्याच्या खोलीत बालवाडी चालवायची. आईबाप कचऱ्यातून प्लास्टिक वेचायचे आणि पोरं तिच्याकडे अक्षरं गिरवायची. निम्मी पोरं गिरवता गिरवता पेंगायची. त्यांना दुपारचं जेवण द्या म्हणून तिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. कचेरीने सकस आहाराचं चित्र पाठवलं. त्यात दुधाचा ग्लास होता, मासा होता, संत्रं होतं. चित्र सुंदर होतं.

रिंतेन वाळत चालली होती. पोरीला दवाखान्यात ने म्हणून बू कितीदा सांगून थकली. पण कार्सीचं एकच पालुपद होतं. पोरीचा जन्मवार बापाच्या जन्मवाराशी जुळत नाही, म्हणून खाल्लेलं तिच्या अंगी लागत नाही. तिला एकदा टाकायला हवं, आणि दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवं. मग दैव फसतं.

वस्तीतली थोरली, जिला सगळे यू सामी, म्हणजे सामीताई, म्हणत, ती हे ऐकून खो खो हसली होती. "पोटात गेलं तर अंगी लागेल ना! दैव कसलं फसवतेस, आधी चूल पेटव."

चूल कशावर पेटवायची, हे मात्र तिने सांगितलं नाही. तिची स्वतःचीही रोज पेटत नव्हती.

शेवटी बूनेच तोडगा काढला. मी उचलते, पण तिचा जन्मवार फिरून येईपर्यंत, म्हणजे सात वार आणि पाच बाजारवार यांची तीच जोडी परत जुळायला लागतो तो महिना-सव्वा महिना, पोर माझ्याकडे राहील. मधे तू तिला हाक मारायची नाहीस. कार्सीने तिथल्या तिथे मान डोलावली. या बायकांना शास्त्र सांगून उपयोग नाही, त्यांच्याच खुळातून वाट काढावी लागते, असं बूला वाटलं, आणि आपल्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं.

पोर उचलली त्या दिवसापासून बूच्या मागच्या खोलीत पेज शिजू लागली. रोज एक अंडं, थोडं टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, पाल्याचं कढण. बूचं मानधन ते किती, रात्रीचा स्वतःचा घास ती रिंतेनला भरवायची. बाकीच्या पोरांसमोर नको म्हणून दार लोटून घ्यायची. पण वास काही दार लोटून थांबत नाही. खिडकीच्या गजांशी डोकी जमायची, आणि बू तिकडे बघायचं टाळायची. एका पोरीला जगवणं तिला झेपत होतं. वीस जणांना जगवणं झेपणारं नव्हतं, आणि त्या डोक्यांकडे बघितलं की तिला रडू यायचं.

रिंतेन भरली. गालांवर रंग आला. एके दिवशी ती चक्क पळाली, आणि बू दारात बसून मनसोक्त रडली.

मग वस्तीतल्या बायका येऊ लागल्या. रिंतेनचे गाल चिमटून बघायच्या. उकिरड्याच्या कोणत्या बाजूला ठेवलं होतं, विचारायच्या. सुपली बांबूचीच लागते का, प्लास्टिकची चालते का, हेही एकीने विचारलं. बूचं डोकं उठलं. आपण शिकवायला आलो आणि सगळ्या वस्तीला खूळ लावून बसलो, असं तिला झालं. यू सामीही एकदा डोकावली. पेजेच्या रिकाम्या भांड्यात बघून निघून गेली.

जन्मवार आला. कार्सी एक नाणं घेऊन आली आणि रिवाजाप्रमाणे तिने पोर विकत मागितली. रिंतेनने बूची ओढणी धरली, ती सोडवताना दोघींनाही जड गेलं.

"एक ऐक कार्सी," बू म्हणाली. "दैवबिव काही नव्हतं. अंडं होतं आणि भात होता."

"हो बू."

कार्सी अगदी सहज हो म्हणाली. दुपारचं तिला इकडेच जेवायला पाठव, एवढं बूने बजावलं. तेवढं तरी आपण रेटून नेऊ, असं तिला वाटत होतं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

सकाळी अंगण झाडायला तिने मागचं दार उघडलं.

उकिरड्याला लागून सुपल्या मांडल्या होत्या. काही बांबूच्या, काही प्लास्टिकच्या. सुपली नव्हती तिथे बादलीचं फुटकं झाकण होतं, पुठ्ठा होता. प्रत्येकावर एकेक मूल बसलं होतं, अगदी गप्प, सांगून बसवल्यासारखं. पलीकडे त्यांच्या आया पाठ फिरवून उभ्या होत्या. सगळ्यात पुढे यू सामीचा नातू होता, आणि त्याच्या पलीकडे ती स्वतः.

बू खराटा घेऊन पुढे आली.

"यू, तुम्हीसुद्धा?" बू म्हणाली. "तुमचा तर या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता."

"अजूनही नाही," यू सामी पाठमोरीच म्हणाली. "उचला, बू."