लांब पल्ल्याचा गिअर

“ऑटोमॅटिक? त्यापेक्षा गाडी भंगारात घाल,” तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

बायकोने उशाजवळचं उष्टं ताट उचललं. डावा पाय गुडघ्यापासून कापला तेव्हापासून तो असाच होता. दाढी वाढलेली, पडदे ओढलेले. जेवण आलं की खोड काढायची, तिला यायला उशीर झाला की घर डोक्यावर घ्यायचं. खाली आवारात ताडपत्रीखाली त्याची जुनी गाडी उभी होती. तिचा एकेक बोल्ट त्याने स्वतःच्या हाताने बसवला होता. दुसऱ्या कुणाला तो स्टिअरिंगला हात लावू देत नसे. आता क्लच दाबायला पायच उरला नव्हता.

“गॅरेजवाले भाऊजी म्हणतात, क्लचच काढून टाकता येतो. एका पायावर चालते गाडी,” ती दारातून म्हणाली.

“मेलेल्याला कशाला नवे कपडे?”

तरी तिने भाऊजींना बोलावलंच. ते त्याचे जुने दोस्त. धीराचा एक शब्दही न बोलता त्यांनी दोन गिअरबॉक्सची चित्रं पलंगावर टाकली.

“हा तीन गिअरचा, मुकाट बसतो. हा चारचा, ओव्हरड्राइव्हवाला. चौथा पडला की वेग तोच राहतो नि इंजिन निवांत होतं. पण अंगाने मोठा आहे. खालचा पत्रा कापावा लागेल.”

“माझ्या गाडीचा पत्रा कापणार तू?”

“तुझा पाय कापला तेव्हा कुणी विचारलं होतं का तुला?”

ती दारातून पुढे धावली. पण तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला.

मग तो उशीला टेकून बसू लागला. तेल गार कसं ठेवायचं, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट किती आखूड करायचा, यावरून फोनवर दोस्ताशी हुज्जत घालू लागला. मध्येच त्याचं अवसान गळे. कुणासाठी हा खटाटोप, म्हणत तो चित्रं भिरकावून देई आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेई. ती चित्रं उचलून, सुरकुत्या काढून पुन्हा उशाशी ठेवी.

“तीनचाच बरा,” एके दिवशी तो म्हणाला. “मला आता कुठं जायचंय?”

“आणि लांब जायचं असेल तर?”

तो तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत तिने कधी, मला कुठेतरी घेऊन चला, असं म्हटलं नव्हतं.

“मग ओव्हरड्राइव्ह,” तो चित्र पुढे ओढत म्हणाला. “दिवसभर चालवली तरी कुरकुरणार नाही.”

“तर तोच घ्या.”

त्या दुपारी त्याने पडदे उघडायला सांगितले.

काम सुरू झालं. रोज त्याचे निरोप घेऊन ती गॅरेजात जाई आणि बऱ्याच उशिराने परते. गिअरबॉक्स बसल्यावर तर तिचा पाय घरात ठरेना. तो खोदून खोदून विचारी. गिअर बदलताना हिसका बसतो का? उतारावर कशी वागते? ती न अडखळता सांगे. हिला एवढं कळायला लागलं याचं त्याला कौतुक वाटे.

गाडी आली त्या सकाळी त्याने दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. कुबड्या सावरत, कठड्याला धरत, घामाघूम होत तो जिना उतरला.

गाडी फाटकाशी चालू उभी होती. भाऊजी मान खाली घालून बाजूला थांबले होते. मागच्या सीटवर दोन बॅगा होत्या आणि स्टिअरिंगपाशी बायको बसली होती.

“अगं, सरक पलीकडे. तुला कुठं येते चालवायला?”

“क्लच नसला की येते.” तिने गिअर टाकला. “जेवण झाकून ठेवलंय. वन्सं संध्याकाळपासून राहायला येतील. माझी वाट पाहू नका.”