गालावरची तीट

कुमुदिनीबाईंनी डोळे मिटून यंत्रात साठवलेली जुनी आठवण उघडली. पाळण्यात दोघी जुळ्या लेकी होत्या, पण दोघींचे गाल कोरे!

"अहो, शेवंतीला मी उजव्या गालावर तीट लावायचे, केतकीला डाव्या. नाहीतर मलाही ओळखू यायच्या नाहीत."

स्मृतिकेंद्रातला तंत्रज्ञ ओशाळला. "काकू, तुम्ही कमी जागेची साठवण निवडलीत. त्यात यंत्र सारखं दिसेल ते एकदाच ठेवतं, बारीक डाग पुसून टाकतं. पुसलेलं परत येत नाही."

बाहेर थांबलेली केतकी आत डोकावली. "आई, माझी शेवंती आहे ना नीट?"

"आहे गं," बाईंनी सांगितलं.

सहा महिन्यांची असतानाच वारलेल्या शेवंतीसाठी आता रडायचं, तर कोणत्या तोंडाकडे बघून?