तिसऱ्या सकाळचं तूप

शरद ऋतू आला, की पित्त उतरवायला वैद्यबुवांचा नेम ठरलेला: तीन सकाळी कोमट तूप, अंगाला तेल, जेवायला मऊ भात, आणि चौथ्या सकाळी जुलाबाची पुडी. पहिले तीन दिवस धोंडू माहेरवाशिणीसारखे लाड करून घेई. चौथ्या दिवशी पुडी हातात घेऊन कमळा त्याला पाणंदीपासून समुद्रापर्यंत शोधत फिरे, पण नवरा काही सापडत नसे.

यंदा तर गडी तिसऱ्याच दिवशी निघाला. सकाळची तुपाची वाटी चाटूनपुसून लख्ख केली, कमळा गोठ्यात वळल्याचं पाहिलं आणि थेट राजापूरची एसटी गाठली. मिशीवरचं तूप पुसत तो शेजारच्याला म्हणाला, "बायको उद्या पुडी घेऊन बसंल वाट बघत! मी दोन दिवस भावाकडं."

गाडी लांज्याच्या पुढे गेली, तोच पोटात गुरगुरलं. पाठोपाठ खिशातला फोनही वाजला.



"अवो, कुठं गेलाव? उद्या पळाल म्हणून आजच्या तुपातच पुडी कालवलीय मी. घरापासून लांब जाव नका!"