दात कसे घासावेत

मुलांसाठी माझ्या आवाजात केलेला हा व्हिडिओ-धडा आता कुणीच बघत नव्हतं. रोज सकाळी मात्र त्याचा बरोबर एक व्ह्यू वाढायचा. “कुणाच्या तरी डोक्यात अजून शिरत नाहीये,” म्हणून आम्ही ऑफिसात हसायचो.

धड्यातल्या फोटोत पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी खिदळत होती. फोटो विकणाऱ्या साइटवरून घेतलेल्या त्या फोटोचं लायसन्स परवा संपलं, म्हणून मी तो काढून दुसऱ्या मुलीचा लावला.

आज व्हिडिओखाली पहिल्यांदाच कमेंट आली.



“ताई, आधीचीच मुलगी परत लावा ना. घरी तिचा एवढा हसरा फोटो नाही. ते दात यायच्या आतच गेली माझी लेक.”